वासूने न फोडलेला एकच ड्रम

वासू,

तुझ्या तिरडीचा पुढचा उजवा खांदा माझ्याकडे होता. नाल्यापाशी रस्ता एकदम खाली उतरतो, हे मला नवीन नाही. त्या उतारावरून मी भरलेली गाडी उतरवली आहे, रिकामी उतरवली आहे, आणि एकदा तुझी वरातसुद्धा. तरी त्या दिवशी उतार लागला, मागून कोणीतरी "हळू, हळू" म्हणालं आणि माझा उजवा पाय आपसूक उचलला जाऊन रस्त्यावर दाणकन दाबला गेला. मी ब्रेक मारला, वासू. पायी चालताना. मागचे तिघं माझ्या अंगावर आले, तिरडी पुढे कलली आणि तुझं डोकं माझ्या कानशिलाला लागलं.

"जवाईबुवा, पायी चालून राह्यले तुमी, गाडीत नाई!" तुझा चुलतभाऊ मागून ओरडला.

दोन-चार जण तोंडावर दुपट्टा धरून हसले. रडणाऱ्याला हसू फुटलं की ते लवकर आवरत नाही. मीही हसलो असतो. माझ्या फजितीवर पहिला मीच हसतो, हे तुला ठाऊक आहे. घरातल्या लग्नाकार्यात लोक मला त्यासाठीच मधोमध बसवतात. पण कानशिलावर बसलेला तो टोला मला ओळखीचा वाटला. सहा वर्षं झाली, मी त्याची वाट पाहत होतो.

आज तुझी तेरवी होऊन चार दिवस झालेत. मंडळी आपापल्या गावी गेली. तुझ्या शेडला कुलूप आहे आणि बाहेर दोन ट्रक उभे आहेत. त्यांच्या ड्रायव्हरना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी घरी टेबलाशी बसून हे लिहितोय. तोंडाने सांगायला घेतलं तर मी त्याची गोष्ट करीन, मध्ये कुठेतरी विनोद घालीन, आणि जे सांगायचं ते पुन्हा राहून जाईल. म्हणून लिहितोय.

आपण शाळेत एका बाकावर. पुढे तू गडचांदूरला रस्त्याच्या कडेला टिनाची शेड टाकून ट्रकच्या ब्रेकचं काम करू लागलास, मी दहा चाकांची गाडी चालवू लागलो, आणि मग तुझ्या बहिणीशी, शोभाशी, लग्न केलं. तेव्हापासून मला दोन नावं मिळाली. सगळं ठीक असलं की "लेका", आणि माझं काही चुकलं की "जवाईबुवा". महिन्यातून चार दिवस मी लेका असायचो, उरलेले दिवस जवाईबुवा.

तुझ्या शेडमध्ये दोन हत्यारांची मला भीती वाटायची. एक लहान हातोडी, एक मोठा घन. चाकातला ब्रेकचा लोखंडी ड्रम उतरवला की तू तो साखळीला टांगायचास आणि हातोडीने हलकेच ठोकायचास. धड ड्रम देवळातल्या घंटेसारखा लांबपर्यंत गुणगुणतो. तडा गेलेला "भद्द" म्हणून गप्प होतो. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. "तुहे कान गाडीतल्या टेपनं खाल्ले," तू म्हणायचास. आणि "भद्द" आलं की तू हातोडी ठेवून घन उचलायचास. मालक समोर उभा असतानाच तो ड्रम जमिनीवर आडवा टाकून तीन घावात त्याचे तुकडे करायचास. मालक बोंबलायचे. "अहो भाऊ, मोडीत अख्खा गेला असता न!" तू घाम पुसत म्हणायचास, "मोडीतून कोणी उचलते, खरादावर घासून चकचकीत करते, अन् पुन्हा एखाद्याच्या गाडीत घालते. मेलेला डरम मी कोणाले देत नाई." सगळ्या रस्त्यावर तुझी ही रीत माहीत होती. कोणी तुला सनकी म्हणायचं, कोणी आणखी काही. पण पहाडावर जायची गाडी आधी तुझ्याकडेच यायची.

इतक्या वर्षांत तू एकच मेलेला ड्रम अख्खा सोडलास. माझा.

तो दिवस पुन्हा लिहून काढतो. तुला आठवतच असेल, पण मला तो माझ्या बाजूने लिहायचा आहे.

सोयाबीनचे दिवस होते. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून ब्रेक मारला की खर्र खर्र आवाज येत होता. मी काय केलं? टेपचा आवाज वाढवला. आठवडाभर मोठ्याने गाणी ऐकली. मग ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढू लागली तेव्हा तुझ्याकडे आलो. तू चाक उघडलंस, आत पाहिलंस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "कधीपासून आवाज येऊन राह्यला?"

"कालपासून."

"जवाईबुवा, लायनर पुरा संपला. रिबिटं डरमले घासू घासू गुळगुळीत झाले. हे काय एका दिवसाचं काम हाय?"

ब्रेकच्या शूवर जो लायनर रिबिटांनी ठोकलेला असतो तो झिजण्यासाठीच असतो, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस. ड्रमवर दाबून दाबून तो स्वतः संपतो, ड्रमला वाचवतो. "लायनर मेला त नवा लावता येते," तू म्हणायचास, "पर लायनर मेल्यावर बी गाडी हाणली, त मंग डरम मरते. अन् डरम मेला त डायवर." माझ्या ड्रमच्या पोटात रिबिटांनी नांगरट केली होती. काठाला केसासारखे तडे होते. तू आतून पट्टी लावून मोजलंस. आधीच दोनदा खरादावर, म्हणजे लेथवर, आतून घासून आलेला ड्रम. "आता घासाले मांस नाई राह्यलं ह्याच्यात, नुसती कातडी हाय." तू साखळीला टांगलास, ठोकलास.

"ऐकलं?"

"हो," मी म्हणालो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"नवा डरम चंद्रपूरहून मांगवतो. तीन-चार दिवस लागन. तवरोक गाडी इथीच उभी राहीन."

आणि तू घन उचललास.

माझी परवाची खेप ठरलेली होती. जिवतीच्या पहाडावरून सोयाबीनची पोती, आपले कट्टे, खाली आणायचे होते, आणि मी त्या व्यापाऱ्यासमोर छाती ठोकून बोललो होतो. शिवाय माझी एक घमेंड होती, जी मी चारचौघांत नेहमी मिरवायचो: मी गाडी ब्रेकवर नाही, गिअरवर चालवतो. पायाने नाही, डोक्याने. आज ते वाक्य आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

"थांब, मारू नको!" मी ओरडलो.

घन तुझ्या डोक्याच्या वर होता. "काऊन?"

"शोभाले न्हाणीचं पाणी तापवाले शेगडी पाहिजे. ह्याले तीन पाय मारून देतो खालून."

आपल्याकडे जुन्या ड्रमच्या शेगड्या करतात, त्यात नवल काही नव्हतं. पण तुझा हात तसाच वर राहिला. तू माझ्याकडे पाहत होतास.

"शोभीनं सांगतलं?"

"हो."

"आन घे."

"घेतली."

"कोणाची?"

"शोभाची."

घन खाली आला, पण जमिनीवर, सावकाश. "शोभीसाठी सोडून राह्यलो," तू म्हणालास. "तुयासाठी नाई."

त्या क्षणी मी खोटं बोललो का? सहा वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की नाही, तेव्हा माझ्या मनात खरोखर शेगडीच होती, खरादाचं नंतर सुचलं. आज लिहून टाकतो. घन वर होता तेव्हाच माझ्या मनात खराद फिरत होता.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीकडे कोणाची तरी गाडी घाटात बंद पडली आणि तू पिशवी घेऊन दोन दिवसांसाठी गेलास. मी ड्रम उचलून राजुऱ्याला एका खरादवाल्याकडे नेला. भला माणूस. त्याने ड्रम हातात तोलला, मोजायची पट्टी काढली आणि विचारलं, "लय हलका लागून राह्यला. कोणी पाह्यला का हा?"

"वासूभाऊनं पाह्यला," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. तू पाहिला होतासच. खरादवाल्याने पट्टी परत ठेवून दिली. तुझं नाव ऐकल्यावर मोजायची गरज काय? तासाभरात ड्रम आतून आरशासारखा चमकू लागला. तुझ्या शेडमध्ये, तुझ्या जॅकवर, तुझ्या पान्यांनी मी नवा लायनर लावून तो बसवला. बसवण्याआधी साखळीला टांगून तुझ्या हातोडीने ठोकूनही पाहिला. मला तर फार गोड वाटला.

आणि शोभाला घेऊन पहाडावर गेलो. तिला जिवतीच्या मावशीला भेटायचं होतं. मी म्हटलं, चल, गाडी जातेच आहे.

जाताना काही झालं नाही. दुपारी कट्टे भरले, मावशीच्या हातचं खाल्लं आणि परत निघालो. शोभा माझ्या डाव्या बाजूला खिडकीशी. मी तिला एक गोष्ट सांगत होतो. मी सांगत नसतो असं कधी होतं? गोष्ट रंगात आली होती, ती हसत होती, आणि त्या नादात मी घाट उतरायला सुरुवात करताना गिअर टाकायचा विसरलो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे शिकाऊ ड्रायव्हरलाही माहीत असतं. गिअरवर गाडी चालवणारा मी वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो.

पहिल्या वळणाला ब्रेक छान लागला. दुसऱ्या वळणाला वास आला.

"काय जळून राह्यलं हो?" शोभाने विचारलं.

"पुढच्या गाडीचं असन."

पुढे गाडी नव्हती. तिने पुढे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. आरशात मागच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघताना दिसला. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की पसरतो, आणि लायनर त्याला पकडायला जातो तसा तो लांब सरकतो. ताटातली भाकर घ्यायला हात न्यावा आणि कोणी ताट मागे ओढावं तसं. हे तू मला शेडमध्ये शिकवलं होतंस. त्या उतारावर ते माझा पाय शिकला. मी ब्रेक दाबत होतो आणि पायाखाली नुसती हवा सुटत होती.

मी खालचा गिअर टाकायला गेलो. गाडीचा वेग त्याच्या पलीकडे गेला होता. गिअर कर्र करून ओरडला आणि पडलाच नाही. आता गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. भरलेली गाडी, उतार आणि मी.

तेवढ्यात मागे डावीकडे बंदूक उडावी तसा आवाज झाला. ड्रम फाटला. डावं चाक ब्रेकविना फिरू लागलं, उजव्या चाकाचा ब्रेक अजून थोडा धरत होता, त्यामुळे गाडी उजवीकडे ओढू लागली. उजवीकडे दरी. आणि खालच्या वळणामागून एसटीचा हॉर्न वाजला. बस वर येत होती.

त्या घाटात उतरताना दरी ड्रायव्हरच्या बाजूला असते आणि डोंगर दुसऱ्या. गाडी थांबवायची तर ती डोंगराला घासायची. डोंगराच्या बाजूला शोभा बसली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. तिने फक्त पाय वर सीटवर ओढून घेतले, जसे आपण घरात खाली विंचू दिसला की घेतो. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं.

पुढचं तुला सगळ्यांनी सांगितलं आहे. चाक नालीत गेलं, कॅबिन मुरमाच्या कडेला घासत गेलं, दार आत दबलं, काच फुटली, आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली. बस वीसेक हातांवर उभी होती. एकदम शांत झालं. मागे कट्टे फाटून सोयाबीन सर्र सर्र रस्त्यावर सांडत होतं. शोभाचा डावा हात दारात अडकला होता. ती म्हणाली, "माही चप्पल कुठी गेली?"

बसमधल्या लोकांनी तिला माझ्या बाजूने ओढून बाहेर काढलं. माझ्या कपाळावर बोटभर पट्टी, तिच्या हाताला पंजापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एटापल्लीहून परस्पर घाटात आलास. आधी मला विचारलंस, "शोभी?" मी सांगितलं. मग गाडीखाली शिरलास, चाक उघडलंस. ड्रमचे तुकडे तुझ्या पायाशी पडले.

"हा कुठचा डरम?"

"नवा. चंद्रपूरहून आणला."

"नवा."

"कास्टिंग खराब निघालं असन."

तू एक तुकडा उचललास. तुटलेल्या काठावरून अंगठा फिरवलास. तो काठ किती पातळ होता हे मला उभ्यानेही दिसत होतं, आणि आतली खरादाची चमकही. मी तयारीत होतो. तू मारशील, शिवी देशील, निदान जवाईबुवा तरी म्हणशील. तू उठलास, रस्त्याच्या कडेपर्यंत गेलास आणि तो तुकडा सगळा जोर लावून दरीत भिरकावलास. तो खाली कुठेतरी दगडावर आपटला. भद्द. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"पाना दे," तू म्हणालास.

मला त्या रात्री झोप नाही. ड्रम नवा होता असं मी सांगून बसलो, मग जुन्याची शेगडी कुठे आहे? तू घरी आलास आणि परसात गेलास तर? सकाळी उठून भंगारवाल्याकडून एक जुना ड्रम आणला, तीन पाय वेल्डिंग करून घेतले, परसात मांडला, वर पाण्याचं पातेलं ठेवलं. शोभा एका हाताने भांडी घासत हे सगळं पाहत होती. मला वाटलं, बायकांना ड्रममधलं काय कळतं.

आठ दिवसांनी तू आलास. थेट परसात. शेगडीपाशी उकिडवा बसलास आणि तिच्या बुडावरची, चाकाच्या बोल्टांची छिद्रं बोटाने मोजू लागलास. एक. दोन. तीन. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: माझ्या गाडीच्या ड्रमला दहा छिद्रं असतात. हा दुसऱ्याच कोणत्या गाडीचा, ह्याला आठ. इतकी वर्षं चाकं खोललेला मी, खोटी शेगडी करताना छिद्रं मोजायला विसरलो. तुझं बोट आठव्या छिद्रावर थांबलं.

शोभा प्लास्टरचा हात गळ्यात बांधून चहा घेऊन आली.

"शोभे," तू बोट न उचलता म्हणालास, "शेगडी कशी जळते?"

"धूर लय करते, दादा."

"करनच," तू म्हणालास. चहा घेतलास, कप ठेवलास आणि गेलास.

त्यानंतर तू माझ्याशी भांडला नाहीस. सहा वर्षं. एकदाही नाही. हर महिन्याला गाडी शेडवर बोलवायचास, सगळी चाकं स्वतःच्या हाताने उघडायचास, लायनर पाहायचास, रिबिटांवर बोट फिरवायचास. ड्रम संपला की माझ्यासमोर फोडायचास, आणि मी काही बोलायच्या आत. त्या सहा वर्षांत मी किती घाट उतरलो, आणि प्रत्येक वेळी ब्रेक जिथे लागायला हवा तिथे लागला. त्यात माझी हुशारी कवडीची नाही. पण तू मला पुन्हा कधी जवाईबुवा म्हटलं नाहीस. लेका म्हणायचास, बस म्हणायचास, पोराबाळांची चौकशी करायचास. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, काय प्रेम आहे दोघांत. मी मुद्दाम चुका करून पाहिल्या. एकदा टायर उलटं लावून आणलं. तू नुसतं सुलटं लावून दिलंस.

तुझ्यावर रागावायचा हक्क मला नाही, पण एका गोष्टीसाठी रागावतो. चाक उघडलं की आतली काळी धूळ तू हवेच्या पाइपने उडवायचास आणि तिथेच तोंड खुपसून बघायचास. शोभाने तुला किती दुपट्टे आणून दिले तोंडाला बांधायला. ते तू घन पुसायला वापरलेस. डॉक्टरांनी तुझ्या छातीबद्दल बरंच सांगितलं, धुळीचं नाव घेतलं नाही. मीही घेत नाही. पण तू जगाचे ब्रेक मोजत बसलास आणि स्वतःचा दम मोजला नाहीस, हे मी तुला तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, कारण तुला काही सुनवायला मला तोंड उरलं नव्हतं.

चंद्रपूरला दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी दुपारी तुझ्यापाशी एकटा होतो. मनाशी ठरवून आलो होतो. बसमध्ये पहिलं वाक्यही पाठ केलं होतं. तुझ्या नाकात नळी होती. मला पाहून तू हसलास. "हवेवर चालून राह्यलो लेका, तुया गाडीच्या ब्रेकसारखा."

मग तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "ते शोभीची शेगडी..."

वासू, तू दार उघडून दिलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं. आणि मी काय केलं? "अरे, त्या शेगडीची तर गंमतच झाली," म्हणून शेजाऱ्याची बकरी त्यात पाय घालून कशी अडकली आणि शेगडीसकट अंगणभर कशी नाचली, ते सांगू लागलो. चांगली रंगवून सांगितली. तू हसलास. हसता हसता तुला खोकला आला, तो थांबेना, नर्स धावत आली आणि मला म्हणाली, "काका, पेशंटला बोलायला लावू नका, बाहेर बसा." मी बाहेर बसलो. मी तुला हसवून गप्प केलं. बकरी खोटी होती.

तुला काय म्हणायचं होतं ते मला आता कधी कळणार नाही. "मले माहीत हाय" म्हणणार होतास, की "खरं सांग" म्हणणार होतास, की फक्त शेगडी अजून धूर करते का, हे विचारणार होतास.

म्हणून आता आडवळण न घेता लिहितो. पहाडावर फुटला तो तोच ड्रम होता. तुझ्या बहिणीची खोटी आन घेऊन मी तो तुझ्या घनाखालून काढला, तुझं नाव सांगून घासून घेतला आणि तुझ्याच पान्यांनी बसवला. तू विश्वास ठेवलास, आणि मी तो उतारावर सोडला. मला क्षमा कर म्हणत नाही. तुझा घन कधी अर्ध्यावर थांबला नाही, एकदा थांबला तर काय झालं ते आपण पाहिलं. फक्त एकदा जवाईबुवा म्हण. कुठूनही म्हण. कानशिलावर बसलेला टोला तेवढ्यासाठीच होता असं मी धरून चालतो.

इथवर लिहून मी उठलो. हे कोणाला तरी ऐकवावं असं वाटलं. ऐकवल्याशिवाय मला काही पुरं झाल्यासारखं वाटत नाही. शोभा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उजव्या हाताने सोलते, डाव्याने फक्त धरते. त्या हाताची शेवटची दोन बोटं अजून मिटत नाहीत. मी समोर बसून पहिल्या ओळीपासून वाचलं. तिरडीपाशी ती थोडी हसली. घाटापाशी तिचे हात थांबले. पुढचं तिने मान खाली घालून ऐकलं. वाचून झालं आणि मी कागद घडी करून वाट पाहत बसलो, की आता ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या, दादाने केव्हाच माफ केलं असेल.

तिने सूप बाजूला सरकवलं.

"दादाले सांगतलं, बरं केलं," ती म्हणाली. "पर आन माही घेतली होती. अन् डोंगराच्या बाजूनं मी बसली होती. दादा त गेला. मी इथीच बसली आहो न, तुमच्या समोर. मले कवा सांगसान?"